तिसरा गट

मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, कॉलेजच्या मागच्या खोलीत,
खिडकी उघडली की सुक्या बोंबलांचा वास आत येतो,
तिथे मी छत्तीस उंदरांना जेवायला घालते.

पहिल्या गटाला साधं खाणं.
दुसऱ्याला डालडा, साखर, पुन्हा डालडा.
तिसऱ्याला तेच सगळं, आणि वर
जिभेच्या मागे, बोथट सुईने,
लसणीचं तेल. थेंब मोजून.

चौथ्या दिवसापासून बोटांचा वास जाईना.
लिंबू झालं, राख झाली, कोकमाची सालं झाली.
एसटीत शेजारची बाई म्हणाली,
आज तिसऱ्या केल्या होत्या वाटतं?
मी म्हटलं, नाही हो. तिसरा गट.

घरी प्रल्हाद पाय वर करून बसलेला.
आठ दिवस लाँचवर, दोन दिवस घरी.
पकडतो सुरमई, ती जाते बर्फात आणि तिथून परदेशात.
हा खातो बटर, फरसाण, लाल रंगाचं थंड,
त्याच त्या तेलातले वडे.
डॉक्टर म्हणाले, रक्तात सूज दिसतेय.
त्याने घोटा दाबून बघितला.
रक्तात कशी दिसेल, तायग्या?

त्याला कळेल असं सांगितलं :
समज, गस्तीची बोट आहे.
परकी बोट आली की दिवा टाकायचा, भोंगा द्यायचा, हे तिचं काम.
पण रोजच्या खाण्याने ती बिथरलीय.
समोर कोणी नाही, तरी रात्रभर घिरट्या,
डिझेल जळतंय,
आणि पंख्यात येतायत आपलीच जाळी.
मग खरा चोर येतो तेव्हा ती दमलेली असते.

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
आणि लसूण काय करते? भोंगा बंद?
बंद नाही रे. जरासा खाली.
तेसुद्धा उंदरांत.

शुक्रवारी मोजमाप होतं.
मोजमाप म्हणजे काय, ते मी घरी सांगत नाही.
सत्तावीस नंबर, तिसऱ्या गटातला,
सुई दिसली की स्वतःच मान पुढे करायचा,
नंतर माझं बोट चाटायचा.
त्याची प्लीहा मी काट्यावर ठेवली.
दुसऱ्या गटापेक्षा हलकी. थोडी.
सर म्हणाले, थोडी हाही आकडाच असतो, लिहा.
लिहिला.

मग मला बाटलीच आण, प्रल्हाद म्हणाला.
मी म्हटलं, तू उंदीर नाहीस.
त्याला डालडा आम्ही घातला. त्याला विचारलं नव्हतं.
तो हसला.
मला कोण विचारतं, लाँचवर?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
रविवारी पहाटे जेटीवर त्याच्या पिशवीत
कुळथाचं पीठ ठेवलं, चार गड्ड्या लसूण,
आणि भंडाऱ्यासाठी चिठ्ठी :
लसूण ठेचून घे, तेल कमी,
लाल होऊ दे, काळी नको.

दुपारी हाताला वास येत होता.
आता तो प्रयोगाचा की पिशवीचा,
सांगता येईना.
सोमवारी नवीन उंदीर यायचे होते,
सत्तावीस नंबरचा पिंजरा
मी दोनदा धुतला.