डोळ्याचा चाकू

शालिकमामा दुपारी धुऱ्यावर आडवे झाले
तेव्हा मी त्यांचा डोळ्याचा चाकू घेतला.
डोळा म्हणजे संत्र्याचा,
जंबेरीच्या खुंटात बसवायचा तो.
माझं काम पट्टी गुंडाळायचं,
वाफ्यातून त्यांच्या मागं मागं सरकत,
शेकड्याला सहा रुपये.
चाकूला हात लावू नको, असं कुणी म्हटलं नव्हतं.
म्हणायची गरजच नव्हती.

माझ्या चपलेचा तळ सुटला होता.
पंक्चरवाल्या गजूनं कागदात दिलेलं सोल्युशन
मी पात्यानं पसरवलं, भाकरीवर लोणी पसरावं तसं,
चप्पल दगडाखाली दाबली
आणि पट्ट्या कापत बसले.
आठवलं तोवर पात्यावर पिवळी खपली.

नखानं निघेना. वीट घेतली.
एकदाच ओढली असेल.
"थांब."
मामा उठून बसले होते. आवाज चढला नव्हता,
त्याचीच जास्त भीती वाटली.
"घासू नोको. रेघ पडली पात्याले
का तेच रेघ सालीत उतरते.
सालीत पाणी बसते. पाणी बसलं का डोळा काळा."

चहाचं आधण होतं चुलीवर,
त्यातलं अर्धं जर्मनच्या वाटीत ओतलं.
पातं बुडालं, मूठ बाहेर:
हाडाची मूठ गरम पाण्यात उलते.
मग जुन्या धोतराची चिंधी, जवसाच्या तेलात भिजवलेली,
पात्याभोवती गुंडाळली
ठेचाळल्या बोटाला गुंडाळतात तशी.
"आता?"
"आता च्या पे."

चहा संपला. सावली विहिरीपाशी गेली.
मी दोनदा चिंधीकडं हात नेला,
दोनदा त्यांनी नुसतं पाहिलं.

सोडली तेव्हा खपली कडेनं उचलली होती.
अंगठ्याच्या पोटानं ते ढकलत गेले,
पाठीकडून धारेकडं, उलटं कधीच नाही,
आणि सोल्युशनची वळी झाली
आंघोळीत मानेवरचा मळ वळतो तशी.
तरी एक चिकट पापुद्रा राहिला.
मामांनी खिशातलं संत्रं सोललं,
फोडी मला दिल्या,
साल पात्यावर चिमटली.
फवारा उडाला. थोडा माझ्या डोळ्यात.
मी डोळे चोळत होते तेवढ्यात
चिंधीचा एक हात फिरला
आणि पात्यात आभाळ दिसलं, थोडं निळं,
थोडं त्यांच्या मिशीचं.

"लगेच धू, लगेच पूस. आंबट राह्यलं का गंजते."
मी धुतला, पुसला, परत द्यायला गेले.
"राहू दे. लाव एखादा."

त्या संध्याकाळी आठ लावले.
एकवीस दिवसांनी पट्ट्या सोडल्या:
तीन हिरवे, पाच काळे.
पाचांचे पैसे माझ्या मजुरीतून कापले
आणि वहीत लिहूनही ठेवले, वर्षानुवर्षं दाखवायला.

चाकू आता माझ्याकडं असतो.
फुकट नाही दिला. चाळीस मागितले, पस्तिसावर आले.
मुठीजवळ एक रेघ आहे, विटेची,
केसाएवढी, उन्हात तिरपी धरली तरच दिसते.
मामांनी ती कधी घालवली नाही.
मीही नाही.
तेवढं पातं मी सालीला लागू देत नाही.