मागचा डावा दिवा

लबकच्या बाहेर, कापसाच्या शेतांमधून रस्ता.
आरशात निळे-लाल दिवे.
काच खाली केली, आतला दिवा लावला,
दोन्ही हात स्टिअरिंगवर,
जेवणाआधी आईला दाखवायचो तसे.

"ऑफिसर, माझ्याकडे परवाना आहे. पिस्तूलही.
समोरच्या कप्प्यात.
विम्याचा कागद... तोही तिथंच."

बोलता बोलता कळलं,
कागदाला दुसरी जागा बघायला हवी होती.

पोरगेलासा. छातीवर नाव, हॉलब.
अंगठा पट्ट्यात खोचलेला, नख कुरतडलेलं.
"तुमच्याला तुम्ही हात लावू नका,
मी माझ्याला लावत नाही."

मग बराच वेळ
आम्ही एकमेकांचे हात बघत राहिलो.
एक ट्रक गेला, गाडी हलली,
दोघंही दचकलो.

"मागचा डावा दिवा गेलाय,"
तो म्हणाला. "कागद राहू द्या."