स्वल्पविराम

माझं काम मत देण्याचं नाही.
टिपण्याचं.
ध चा मा होऊ नये एवढ्याचसाठी
हेलेनाचं विधिमंडळ मला पगार देतं.

फेब्रुवारी. खोली क्रमांक एकशे सदतीस.
तावदानांवर आतून बर्फ धरलाय.
प्रत्येकाला दोन मिनिटं,
टेबलावर छोटा दिवा: हिरवा, पिवळा, लाल.
विधेयक असं की घरच्यांनी अर्ज केला
तर न्यायाधीश एखाद्याची बंदूक
एकवीस दिवस काढून ठेवू शकेल.

ऑर्व्हिल ट्वेट उठतो, टोपी हातात.
शेरीफ माझ्या दारापासून सत्तर मैलांवर, म्हणतो,
मध्ये घाट, तो निम्मा हिवाळा बंद.
फोन केला की येतो बिचारा.
पंचनाम्याला येतो.
मी कंसात ‘हशा’ लिहिते.
हक्क म्हणजे उसनी आणलेली शिडी नव्हे,
शेजाऱ्याने कुंपणावरून हाक मारली की परत करायला.
आणि मग तो ते सत्तावीस शब्द म्हणतो,
शाळेत म्हणायचो तसे, एका दमात.

इथे माझी बोटं अडखळतात.
त्या सत्तावीस शब्दांच्या एका प्रतीत तीन स्वल्पविराम आहेत,
दुसरीत एकच.
त्या शेपटीवाल्या टिंबांवर
वकिलांच्या कैक पिढ्या घरं बांधून राहिल्या.
ऑर्व्हिल कुठेच थांबला नाही.
मीही एकही टाकत नाही.

डेल्फीन अ‍ॅकर्ली, शिक्षिका, सहावी.
माझ्या वर्गातल्या कपाटात अकरा मुलं मावतात, सांगते,
सराव करून पाहिलंय, दप्तरं बाहेर काढून.
पटावर तेवीस आहेत.
वजाबाकी ती समितीवर सोडते
आणि दिवा हिरवा असतानाच खाली बसते.

रोझलिन ओल्ड एल्क सावकाश चालत येते.
आमची शस्त्रं सरकारने एकदा मोजून घेतली होती,
पोचपावतीसुद्धा दिली.
पुढचं माझ्या पणजीला विचारायला हवं होतं तुम्ही.
मग जरा वेळाने, हळू:
माझा भाचा मात्र कोणी थांबवायला हवा होता.
हजेरीच्या कागदावर दोन रकाने, समर्थन आणि विरोध.
तिची फुली मधल्या रेघेवर आहे.

माझ्या पिकअपच्या सीटमागे
वडिलांची जुनी रायफल आहे, फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळलेली.
अजून त्याला त्यांच्या तंबाखूचा वास येतो.
हे नोंदीत नाही. मला कोणी विचारलं नाही.

सगळ्यात शेवटी लॉयल हॅग्स्ट्रॉम,
हार्डवेअरचं दुकान, चाळीस वर्षं काडतुसं विकली.
पाठीवर गन क्लबचं जॅकेट,
त्यामुळे ऑर्व्हिल त्याला आपला समजून
खुर्ची सरकवून वाट देतो.
लॉयल माइक जवळ ओढतो, परत लांब करतो.
मुलाने फोन केला, म्हणतो, ऑक्टोबरात, बुधवारी.
बाबा, माझी रायफल थोडे दिवस तुमच्याकडे ठेवाल का.
का ते मी विचारलं नाही.
आमच्यात विचारत नाहीत.
मी म्हणालो रविवारी येतो

दिवा पिवळा होतो.
लाल होतो.
अध्यक्षांचा हातोडा त्यांच्या हातातच.
कोणाच्या तरी बुटांवरचा बर्फ वितळून
फरशीवर ओहोळ आलाय, माझ्या वायरीपर्यंत.
शांततेसाठी यंत्रावर कळ नाही.
लॉयलचे ओठ हलतात, म्हणजे वाक्य संपलेलं नाही,
म्हणून मी ‘येतो’ नंतर एक स्वल्पविराम देते
आणि बोटं वर धरून थांबते.

समितीने निर्णय पुढे ढकलला.
पुढच्या आठवड्यात मतमोजणी, खोली तीच.

सकाळी मुद्रितं तपासणारा पोरगा विचारायला आला,
पान एकोणचाळीस, शेवटची ओळ,
इथे पूर्णविराम राहिलाय का?

नाही, म्हटलं.
तसंच जाऊ दे.