कापेनला जाताना

ही नाव वळत नाही.
वारा आडवा आला की शीड बांबूसकट उचलायचं,
खांद्यावर घेऊन
या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जायचं,
मग मघाचं मागचं टोक पुढचं होतं.
उलांडी मात्र कायम वाऱ्याच्याच अंगाला.
काम दोघांचं.
एकानं शीड न्यायचं,
दुसऱ्यानं वल्हं धरायचं आणि शिव्या द्यायच्या.

शिव्या माझ्याकडे होत्या. शीड लानेजकडे.

आज दोन्ही माझ्याकडे.
पायाशी तांदळाचं पोतं, रॉकेलचा डबा,
पाणी उपसायला कॉफीचं टमरेल,
आणि काल रात्री रेडिओच्या खरखरीतून
तीनतीनदा विचारून घेतलेलं
एक वाक्य.
ते कुठे ठेवावं कळेना.

उजव्या हाताला बेटं येतात, जातात.
केतकी, नारळ, वाळू. परत पाणी.
प्रत्येकाला नाव आहे, विहीर नाही.
दोन बेटांच्या फटीतून बाहेरच्या समुद्राची लाट आत शिरते
आणि नाव खालून ढुशी बसल्यागत उठते.
लाट डोळ्यांनी नाही, पाठीनं ओळखा,
म्हातारा जोर्कान म्हणायचा.
आम्हा दोघांना त्यानं होडीच्या तळाशी आडवं निजवलं होतं,
डोळे बांधून. सांगा, कुठून येतेय?
मी म्हटलं पूर्वेकडून.
लानेज घोरत होता.

तो गेला अर्कान्सासला, कोंबड्यांच्या कारखान्यात.
दोन-दोन हातमोजे घालून उभा राहायचा.
फोनवर म्हणाला,
इथे वारा आहे रे भरपूर,
पण त्याला काही काम नाही.

मी पाण्यावर आहे तोवर
कापेनवर तो जिवंत आहे.
त्याची आई खड्ड्यात नीरफणस पुरत असेल,
पानांवर पानं रचून, वर दगड.
नाताळला येणार म्हणून.

मी दोर थोडा सैल सोडला.
नाव मंदावली.
उलांडीखालचं पाणी बोलायचं थांबलं.
मग माझी मलाच लाज वाटली
आणि दोर परत खेचला, हाताला वळ उठेपर्यंत.

दोनदा शीड नीट नेलं.
तिसऱ्या खेपेला, कापेन समोर दिसत असताना,
बांबूचं टोक खोबणीत बसेना.
खोबण लानेजनंच कोरलेली, अर्धा बोट तिरकी.
चालतंय की, म्हणाला होता.
निळी ताडपत्री फडफडून तोंडावर येते,
वारा चुकीच्या बाजूनं भरायला बघतो,
उलांडी पाण्यात दबू लागते,
आणि मी तिथे उभा, उजव्या पायानं बांबू दाबत,
मेलेल्या माणसाला शिव्या घालत.
सगळ्या, वापरलेल्या नि राखून ठेवलेल्या.
मग आठवलं.
तो डावखुरा होता.
डाव्या पायानं दाबलं.
बसलं.

नेइमात कंबरभर पाण्यात आली,
उलांडीला हात घालून तिनं नाव थांबवली.
एकटाच?
एकटाच.
शेवटी शीड फिरवायला फार वेळ लागला तुला.
बघत होते मी.
खोबण तिरकी आहे, मी म्हणालो.
माहीत आहे मला, ती हसली,
लेकानं माझ्या घराचं दारही तसंच बसवलंय.
वारा कसा होता?
बरा होता.

तांदळाचं पोतं तिनं डोक्यावर घेतलं,
देऊ म्हटलं तरी दिलं नाही.
ती पुढे, मी मागे.
रॉकेलचा डबा मी दोन्ही हातांनी धरलेला.
पाणी कमरेला.
पाणी मांड्यांना.
मग गुडघ्याला, आणि तिथे वाळूचा उथळ पट्टा लांबच लांब,
ओहोटी लागलेली.
ती काहीतरी सांगत होती, कोपऱ्याचा भाव, कोंबडीची पिल्लं.
मी हूं म्हणत होतो.
पाणी घोट्याला.