गंज कुठं दावलायस?

बारा व्होल्टची गाडी अठ्ठेचाळीसवर न्यायची,
असं ठरलं गोकुळ शिरगावच्या हापिसात.
दाब चौपट, म्हणजे प्रवाह पाव,
तार बारीक, तांबं कमी.
रात्रभर मी स्क्रीनवर तारा कातरत बसलो.
दोन किलो आठशे ग्रॅम उतरलं
एकही स्क्रू न उघडता.

सकाळी उद्यमनगरात, दस्तगीरमामूंकडं.
दहावीच्या सुट्टीत त्यांनीच टेस्ट लॅम्प धरायला शिकवलेलं,
आणि फ्यूजच्या जागी चांदी घातली म्हणून
टपलीही.
उघड्या बॉनेटच्या कडेला लॅपटॉप टेकवला.
निळी रेघ पळाली: पन्हाळ्याचा चढ,
घाट उतरताना ब्रेक, ब्रेकमधून चार्ज.
मामू बघत राहिले,
ग्रीसचं बोट काचेपासून इंचभर लांब.

"रेघ झ्याक हाय. पर गंज कुठं दावलायस?"

गंज?

"बॉडीला अर्थिंग आवळतोस न्हवं, तिथं.
पाच पावसाळं गेल्यावर."

मी तिथं शून्य लिहिलं होतं.
सगळेच लिहितात.

त्यांनी कुठल्याशा टेम्पोतून काढलेलं
हिरवं पडलेलं थिंबल माझ्या तळहातावर ठेवलं,
पोराला चहा सांगितला
आणि पुढच्या गाडीखाली शिरले.

थिंबल आता कीबोर्डशेजारी असतं.
मॉडेलमध्ये एक रोध वाढलाय,
मिलिओहमात मोजण्याइतका. नाव ठेवलंय द.
चढावर रेघ जरा खचते.
अर्थिंगची तार जाड केली,
दोनशे ग्रॅम तांबं परत आलं.

साहेब विचारतात, हे कशापायी?
पाच पावसाळ्यांपायी, मी म्हणतो.
ते रकान्यात भरतात:
सेफ्टी मार्जिन.