मधल्या खुर्चीवर

वालपराइसोच्या त्या टेकडीवर घरं पत्र्याची,
खालच्याच्या खांद्यावर वरच्याचा पाय.
नागमोडी पत्रा वारा नीट अडवत नाही,
वायफायला मात्र असा अडवतो
की बैठकीत चारही रेघा आणि न्हाणीघराशी शून्य.

"यंत्र बिघडलंय, निबाल्दो," दोन्या एदुविहेस म्हणाल्या.
बिघडलं नव्हतं.
फ्रिजच्या मागे होतं,
अंगावर क्रोशाचा रुमाल,
रुमालावर मुठीएवढा शंख.
मी ते उचलून जिन्याच्या कठड्यावर ठेवलं.
"दिव्यासारखं समजा.
कपाटात लावलात तर कपाटच उजळणार."

तळाला कंपनीची चिठ्ठी.
नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन,
सात वर्षं तोच.
"म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला,"
त्या म्हणाल्या.
मी शिकवायला आलो होतो. गप्प बसलो.

मग सांगितलं: बाहेरून घरात तार एकच येते.
हा डबा आतल्या प्रत्येकाला एक आकडा देतो,
फोनला बारा, टीव्हीला चौदा,
नातीच्या टॅबलेटला वीस.
बाहेरच्या जगाला दिसतो फक्त घराचा पत्ता.
"आणि आलेलं कुणाचं, ते हा लक्षात ठेवतो?"
"ठेवतो."
"अरे, मग ही तर माझीच नोकरी!"

एकवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये.
समोर भोकांची भिंत,
दोरी उचल, खुपस, "बोला."
आणि चहा ओतताना, किटलीकडे बघत,
"खटका वरच ठेवला, तर ऐकू यायचं."

दर गुरुवारी, पावणेसातला,
दोन जिने खालचा पुलिदो, काचा बसवणारा,
आन्तोफागास्ताचा नंबर मागायचा.
तीन मिनिटं.
तो बोलायचा नाही. पलीकडची बाईही नाही.
नुसता श्वास, इकडून, तिकडून,
पैसे मोजून.
"त्याच्या बायकोबरोबर मी रोज पावाच्या रांगेत उभी असायचे.
तिला मातीही दिली.
हे आज पहिल्यांदा तोंडातून निघतंय, आणि तेही तुझ्यापुढे."

काय बोलावं कळेना, म्हणून मी सेटिंग उघडलं.
एका बटणावर कुणालाही आत घेणारी सोय बंद केली.
अद्ययावत केलं. डबा मिटून पुन्हा जागा झाला.
डब्ल्यूपीए-थ्री निवडलं.
जुना टीव्ही हटून बसला,
त्याला पाहुण्यांच्या नेटवर्कवर बसवला,
ओसरीवरच्या सोयऱ्यासारखा.

"आता हवेतून जाताना कुणी मध्ये बसलं,
तरी त्याला खरखरच मिळेल."
त्यांनी कप खाली ठेवला.
"श्वाससुद्धा नाही?"
"श्वाससुद्धा नाही."

पासवर्ड टाकायच्या वेळी म्हणाल्या, "तोंड फिरव."
मी खिडकीकडे फिरलो.
खाली बंदरात क्रेन एक निळा डबा
कुठे ठेवावा ते ठरवत होती.
पाठीमागे टिचक्या. मी मोजत होतो, सवयीनं;
एकोणिसाव्याला मोजणं सोडलं.
टिचक्या चालूच होत्या.

जाताना जिन्यावरून वळून पाहिलं.
रुमाल परत राउटरवर. त्यावर शंख.
माझ्या फोनवरची एक रेघ कमी झाली.
हे सांगायला पुन्हा वर चढलो नाही.