चौदा हजार दोनशे

मी गाणी ठेवायची पेटी बनवतो.
पेटी, पण भाता नाही, पट्ट्या नाहीत.
स्वतःचा सूर नसणं हाच तिचा गुण.
तार्तू गावात, नदीकाठी, जिथे पूर्वी हातमोजे विणले जात
तिथे माझी तीन टेबलं, एक लेथ,
आणि एक खोली, जिच्यात काहीच वाजत नाही.

ॲल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली.
पंखा नाही, फिरणारं काही नाही,
वीज आणि गाणं वाटणी झालेल्या भावांसारखे,
मध्ये तांब्याची भिंत.
किंमत विचारणारे घेत नाहीत.
घेणारे विचारतात, शांतता किती खोल?

बावीस वर्षं मी ती खोली सांगत आलोय.
बर्फाला भोक पाडून मासे धरणारे
बसतात ना हिवाळाभर, तसा
मी त्या भोकाशी कान लावून.

पिरेट आली मार्चमध्ये, डाख लावायला.
वय एकोणीस. हात स्थिर, डब्यात रोज बीट.
तिसऱ्या दिवशी म्हणाली, ही रडते.
कोण?
ही. तुमची पेटी.

मी कान लावला. गाल लावला. धातू गार.
म्हणालो, पोरी, दिव्याची नळी असेल,
तुझं रक्त असेल, या खोलीत
माणसाला स्वतःचं रक्तसुद्धा ऐकू येतं.
तिने वाद घातला नाही.
डोळे मिटून बोट फिरवत नेलं
आणि टेकवलं एका वेटोळ्यावर,
वाटाण्याएवढ्या.

ती गेल्यावर मापक जोडला.
पडद्यावर सपाट हिरवी रेघ,
आणि चौदा हजार दोनशेवर
एकच काटा. माशाचा,
घशात अडकतो तसला.

माझे कान नऊ हजारांशी थांबतात.
डॉक्टरने आलेख काढून दिलाय.
तो वॉरंटीच्या कार्डांखाली असतो.

अकरा पेट्या गेल्या होत्या त्या वेटोळ्यासकट.
गेंटचा नोटरी, वय एक्काहत्तर.
बर्गनच्या निवृत्त शल्यविशारद बाई.
तुर्कूचे दंतवैद्य यूर्यो,
ज्यांचा जन्म ड्रिलच्या आवाजात गेला.
चणे आले तेव्हा दात नव्हते,
तसे आमच्याकडे येणाऱ्यांचे कान.
कुणालाच कळलं नसतं.
विकणारा बहिरा, घेणारा बहिरा,
यात फसलं कोण?

चार रात्री हा प्रश्न मी
दोन्ही बाजूंनी वाजवून पाहिला.
मग अकरा पत्रं लिहिली.
आधी लिहिलं ‘किरकोळ सुधारणा’. खोडलं.
‘दोष’ लिहिलं.

पेट्या आल्या, खोक्यांना परगावच्या घरांचा वास.
पिरेटने प्रत्येक वेटोळ्यावर लाखेचा एक थेंब सोडला.
चार पैशांचा थेंब; टपालखर्चात माझा उन्हाळा गेला.
थेंब वाळला की ती वाकायची,
म्हणायची, गप्प झाली.
मी वहीत लिहायचो, गप्प झाली,
तिच्या शब्दावर. आता शेवटची तपासणी
तीच करते. मी बाहेर चहा टाकतो.

नोटरीने कळवलं, बासला आता मांस आलंय,
व्हायोलिनं एकमेकांपासून हातभर सरकलीत.
पिरेट हसली. लाखेने मांस येत नाही.
बर्गनहून फक्त पोच.
बाकीच्यांचं मौन, जे मला नेहमीसारखंच ऐकू आलं.

आणि यूर्योंचं पत्र, जाड पेनाने:
क्षमा करा, मला फरक कळला नाही.
पण निस्से, माझी कुत्री,
तीन वर्षं मी गाणं लावलं की
उठून स्वयंपाकघरात जायची.
मला वाटे, तिला चेलो आवडत नाही.
काल गेली नाही.
पायाशी पडून राहिली, मग घोरायला लागली,
चेलोच्या अगदी मध्यावर.

ते मात्र मला ऐकू आलं.